मोडलं ते बी लिवा

मी हातकणंगले तालुक्यातली. गाव लई मोठं न्हाय, ऊस, म्हशी आणि हिरी, एवढंच काय ते आमच्याकडं. माझं नाव शालन, वय आता सेहेचाळीस. आणि एक आधीच सांगून ठेवतो पावणं, आमी हिकडच्या बाया मी आलो, मी गेलो, असंच बोलतो, पुण्याची माणसं हसत्यात, हसू द्यात, तुमी लिवताना ते नीट करायला जाऊ नका. बोललो तसं लिवा. न्हायतर मग मी सांगतच न्हाय.

तर माझा बा. त्याला आमी आबा म्हणायचो. शेती थोडी, दोन म्हशी, पण आसपासच्या गावात त्याला वळखायचे ते हिरीत बुडी मारणारा म्हणून. कुणाची मोटर हिरीत पडली, कुणाची घागर, कुणाचा पाईप, की आला सायकलवरनं माणूस, आबा हाईत का. आमी तिघी भनी, भाऊ न्हाय, मग आबासंगट दोर धरायला मीच जायचो. पोहायला शिकवताना पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून मला आबानंच हिरीत ढकललं, पाच पुरुस खोल पाणी, मी वराडलो, काठावरची माणसं हसली, आबा म्हणाला वरडू नगं, हात मार. तिसऱ्या दिवशी डबा सोडला. बारा वर्साची झालो तवा मी स्वता तळाला जाऊन दोर बांधून येत हुतो. पोरीची जात, हिरीत उतरती, म्हणून गावानं नावं ठेवली, आबा म्हणाला तुमची मोटर काढून पायजे का न्हाय ते बोला.

आबाची काम करायची पद्धत सांगतो, कारण पुढं सगळं तिथंच येणार हाय. हिरीत खाली दिसत न्हाय काय. हातानं चाचपायचं. वस्तू घावली की धरल्याला श्वास आणखी गच्च आवळायचा, दोन्ही पाय हिरीच्या भिंतीला टेकवायचे आणि एक हिसका द्यायचा, असा हिसका की गाळातनं वस्तू सुटलीच पायजे, कारण छातीत दम हाय तो एकाच हिसक्यापुरता. ही एक गोष्ट. आणि दुसरी म्हंजे वर आल्यावर आबा अंग पुसायच्या आधी मालकाला सांगायचा, खाली काय काय हाय, काय निघालं, काय ऱ्हायलं, आणि माझ्या हातनं काय मोडलं. एकदा एका पाटलांची मोटर काढताना पायपाच्या तळाचा फुटवॉल फुटला, पाणी धरून ठेवतंय ते झाकण असतंय बघा ते. मालकाला कळणार बी न्हवतं, गाळात गेला म्हटलं असतं तर चाललं असतं. आबानं सांगितलं, माझ्या हातनं फुटला. मालकानं आयमाय काढली, वर्सभर दुसऱ्याला बोलवत ऱ्हायला. मी आबावर लई चिडलो, म्हटलं कशाला सांगितलं. तर म्हणाला, शालन, तळ फकस्त बुडी मारणाऱ्याला दिसतोय, काठावरच्यांनी आपल्या तोंडाकडं बघायचं, मग आपलं तोंड खरं नको का.

लगीन होऊन कोल्लापुरात आलो. आमचं मालक कागलच्या एमआयडीसीत, कारखान्यात भट्टीवर हाईत. साधा माणूस, पाण्याला भितोय. मी पोरं जरा मोठी झाल्यावर बायकांच्या तलावावर पोहायला शिकवाय लागलो, सकाळची ब्याच आणि दुपारची ब्याच. वीस वर्सं हुईत आली. कोल्लापूरच्या निम्म्या डॉक्टरणी आणि मास्तरणी माझ्या हाताखालनं गेल्यात, सगळ्यास्नी मी शिव्या दिल्यात आणि सगळ्या माझ्याशी गोड बोलत्यात.

त्यातच एक नीलम म्याडम आल्या. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत्यात. पोहणं सुधारायला आलेल्या, एक दिवस कुणाचं तरी कानातलं तलावात पडलं, मी खाली गेलो, निवांत शोधलं, आणलं वर. म्याडम घड्याळ बघत हुत्या. म्हणाल्या मावशी, एवढा वेळ श्वास धरता, तुमी मालवणला चला की आमच्यासंगट. म्हटलं मासं खायला. म्हणाल्या न्हाय, समुद्राच्या तळाचा कचरा काढायला.

मला वाटलं चेष्टा करत्यात. पण त्यांचं खरंच सात-आठ जणांचं पथक हुतं, सगळी कोल्लापूरची, म्हयन्यातनं एकदा शनवारी पहाटे गाडी काढायची, गगनबावड्याचा घाट उतरायचा आणि मालवणला समुद्रात जायचं. तिथं पाण्याखाली खडकावर पवळं वाढतंय, म्याडम त्याला प्रवाळ म्हणत्यात. मला वाटायचं पवळं म्हंजे अंगठीतला खडा. तर न्हाय वो, जित्ता प्राणी हाय त्यो. खातोय, वाढतोय, मरतोय बी. आणि त्येच्यावर जाळी पडत्यात, दोर पडत्यात, पिशव्या बसत्यात, आणि ते गुदमरून मरतंय. मालक म्हणाले, ह्या वयात समुद्रात. मी म्हटलं ह्याच वयात, आता न्हाय तर कवा.

शिकताना काय हाल झाले, काय सांगू तुमास्नी. पाठीवर हवेची टाकी, कमरेला शिसं, तोंडात नळी. आणि पयला नियम काय, तर श्वास धरायचा न्हाय. आता सांगा, माझा जन्म गेला श्वास धरण्यात, आणि हे म्हणत्यात सारखा श्वास घेत ऱ्हावा, धरलासा आणि तसंच वर आलासा तर फुप्फुस फाटंल. पाण्यात गेलं की माझी छाती आपोआप बंद व्हायची. शिकवणारा पोरगा खुणा करून दमला. तीन येळा मला वर पाठवलं, मावशीला जमणार न्हाय असं पथकातला अनिकेत म्हणाला, इंजिनेर हाय, त्यानं हळू म्हटलं पण मी ऐकलं. मग तर मी शिकलोच. घरात भाकरी थापताना सुदीक मोजून श्वास घेत हुतो, आत, बाहेर, आत, बाहेर. मालक म्हणायचे, बरं वाटत न्हाय का तुला.

आणि एकदाचा खाली गेलो. पावणं, हिरीत मी आंधळ्यागत काम केल्यालं माणूस, मला तिथं दिसाय लागलं. पिवळं, हिरवं, जांभळं. एक जात हाय पवळ्याची, तव्यावरनं काढून एकावर एक भाकऱ्या ठेवाव्यात तशी चवड असती तिची, पातळ कडा, मधी मधी फट, आणि त्या फटीत बारकी मासळी लपून बसत्यात. ती चवड बघून मला रडू आलं. पाण्यात रडलं की कुणाला कळत न्हाय, ते एक बरं हाय.

आता काम कसं असतंय ते ऐका. नुसता कचरा काढायचा न्हाय, लिवायचा. एक पांढरी प्लास्टिकची पाटी असती, तिच्यावर शिसपेन्सिलीनं पाण्यात बी लिवता येतं. काय घावलं, किती घावलं, किती खोल हुतं, पवळ्यावर हुतं का वाळूत हुतं, पवळं जित्तं का मेलेलं. जाळीची पिशवी असती, कांद्याची असती तशी, तिच्यात भरायचं. बाटलीत खेकडा बसला असला तर त्येला आधी बाहेर काढायचा. एखाद्या दोरावर पवळंच वाढलं असलं तर दोर तसाच सोडायचा, काढायचा न्हाय, नुसतं लिवायचं. आणि जाळं असलं तर वढायचं न्हाय, कातरीनं एकेक फास कापत सोडवायचं. म्याडम म्हणत्यात, काढल्यानं आजचा खडक मोकळा हुतोय, लिवल्यानं उद्या कुणाला तरी जाब इचारता येतोय. एकदा मला तिथं आपल्या कोल्लापूरच्या साडीच्या दुकानाची पिशवी घावली. पवळ्याला गुंडाळून बसल्याली. नावासकट, पत्त्यासकट. लाज वाटली वो. होडीवरचा बाबल, त्याचीच होडी आमी घेतो, हसून म्हणाला, तुमचीच मानसां येतत, आनी तुमीच साफ करूक येतास. मी पाटी वढली. गाव, कोल्लापूर, असं ठळक लिवलं.

दुसऱ्या वर्सी आमच्या पथकानं अर्ज करायचं ठरवलं. खडकांचा एक राखीव भाग हाय, तिथं लई जुनं पवळं हाय आणि लई जाळी बी अडकल्यात, पण तिथं उतराय परवानगी लागती. अर्जासंगट आमच्या सगळ्या नोंदी जोडायच्या हुत्या, म्हंजे साहेब लोकास्नी कळावं की ही माणसं कशी काम करत्यात. सगळ्यांचा जीव त्या परवानगीत. माझा तर लईच. मला वाटायचं, एकदा तिथं उतरावं, मग म्हातारी झालो तरी चालंल.

आणि त्याच येळी ते झालं. त्या दिवशी पाणी गढूळ हुतं, हात लांब केला की बोटं दिसायची न्हाईत. मी आणि अनिकेत जोडीनं गेलतो, पण तो एका बाजूनं जाळं कापत हुता आणि मी दुसऱ्या. लई मोठं जाळं, जुनं, जड. मी कातरलं, कातरलं, एका ठिकाणी अडकलं ते काय सुटंना. गढूळ पाणी, काय दिसत न्हाय, हातानं चाचपतोय, आणि माझं अंग इसरलं मी कुठं हाय ते. पाय खडकाला टेकवले. श्वास धरला. आणि दिला हिसका. आबाचा हिसका.

जाळं सुटलं. पण सुटताना माझ्या तळव्याला कळलं, कड्डकन. हिरीत असला आवाज पायपाचा येतोय, पायातनं हाडात येतोय. हात फिरवला तर चवड मोडल्याली. वरच्या तीन थरांची कड माझ्या हातात आली, परातीएवढी. ती वर्साला बोटाच्या नखाएवढी बी वाढत न्हाय पावणं. म्हंजे आबा पोरगा असंल तवापासनं वाढत आलेली असंल ती. मी तुकडं तसंच फटीत उभं ठेवलं, तोंडातली नळी चावून धरली, आणि वर आलो.

वर तर सण. सबंध जाळं एकसंध आलेलं, आमच्या पथकानं आजवर काढल्यालं सगळ्यात मोठं. बाबल म्हणाला, असला जाळा मी जन्मात बघूक नाय. टाळ्या, फोटो, मला मधी उभं केलं. फोटोत माझं तोंड बघा, तिथं लटकवलाय भिंतीवर, सगळी हसत्यात आणि मी एकटी मयताला आल्यागत.

चार वाजता बाबलच्या पडवीत कचऱ्याचं ढीग लावून आमी नोंदी करत बसलो. म्याडम एकेक रकाना वाचायच्या, आमी सांगायचं. शेवटचा रकाना, काम करताना झालेली मोडतोड. अनिकेत म्हणाला न्हाय. दुसरी म्हणाली न्हाय. म्याडमनं माझ्याकडं बघितलं, मावशी, काय न्हाय न्हवं. आणि खरं सांगतो, माझ्या बी तोंडात तेच आलतं, न्हाय म्हणायचं. परवानगी डोळ्यापुढं हुती. कुणी बघितलं न्हवतं. गढूळ पाणी साक्षीला. पर मला आबा दिसला, हिरीच्या काठावर, वल्ल्या अंगानं, त्या पाटलाच्या शिव्या खाताना. म्हटलं लिवा म्याडम. चवडीचं पवळं, वरचे तीन थर, परातीएवढं, माझ्या हातनं मोडलं. मी हिसका मारला.

अनिकेत म्हणाला मावशी, नगा की, हे कागद अर्जाला लागणार हाईत, जाळ्यानंच मोडलं असंल की. मी म्हटलं माझ्या पायाला कळलंय कशानं मोडलं ते. तो उठून गेला. म्याडमनी पेन्सिल खाली ठेवली, मला वाटलं न्हाय लिवणार. मग उचलली आणि इचारलं, किती खोल हुतं, मावशी. आणि लिवलं. आणि लिवून झाल्यावर म्हणाल्या, नियम तुमास्नी ठाव हाय. आमच्याच पथकाचा नियम, मोडतोड झाली की परत शिकून दाखवल्याबिगर पाण्यात उतरायचं न्हाय.

अर्ज परत आला. हे परत हुणार न्हाय ह्याची काय सोय केली ते कळवा म्हणून. बरोबरच हाय, त्येंनी इचारणारच. पर त्यात तो हंगाम गेला. अनिकेत माझ्याशी बोलायचा बंद झाला. गाडीत मी बसलो की तो खिडकीतनं बघायचा. मी तरी जात ऱ्हायलो दर म्हयन्याला, किनाऱ्यावर बसून कचरा निवडायला, पुड्या येगळ्या, दोर येगळं, चपला येगळ्या. सगळी पाण्यात जायची आणि मी वाळूत. लई लागलं मनाला. घरी मालक म्हणाले, झालं की आता, सोड. म्हटलं सोडायला मी काय चोरी केलीय का.

मी इचार केला, तलावात शिकून उपेग न्हाय, तलावाचा तळ आरशागत दिसतोय. माझी खोड हिरीतली, ती हिरीतच मोडाय पायजे. मग कुंभाराकडं गेलो आणि मातीची परळं आणली, पसरट असत्यात ती, टोपलीभर. म्याडम टाकी घेऊन माझ्या माहेरला आल्या. आबा वारलेत, हीर हाय. लाकडी पाटाला धोंडा बांधून दोरीनं सोडला खाली, पाटावर परळांची चवड, चवडीवर जुनं जाळं गच्च गुंडाळल्यालं. आणि मी टाकी घेऊन उतरलो, कमरेला दोर, दोर म्याडमच्या हातात. गावात बोंब झाली, शालन हिरीत उतरलीय, कोण तरी बुडालं. पळत आली माणसं, एक तर खाट घेऊन आला, मयत ठेवायला. वर आलो तर सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी. कोण बुडालंय. म्हटलं परळं.

पयल्या दिवशी सगळी परळं फुटली. अडकलं की पाय टेकायचाच, हात हिसका मारायचाच. मग मी पायच बांधून घेतले, फडक्यानं, म्हंजे टेकायलाच नगो. पाण्यात अधांतरी ऱ्हायचं, श्वास घेत, आत, बाहेर, आणि बोटांनी फास शोधून कातरायचा. उन्हाळाभर दर आयतवारी. कुंभार म्हणाला अक्का, एवढी परळं कशाला लागत्यात. म्हटलं फोडायला. शेवटी एक दिवस जाळं वर आलं, तुकडं तुकडं, आणि मागनं पाट वढला तर चवड तशीच्या तशी, वरच्या परळावर एक बेंडूक बसल्याला. म्याडमनी मला हिरीच्या काठावर मिठी मारली, मी वल्ली चिंब.

दुसऱ्या आयतवारी अनिकेत आला. न बोलता. टाकी घातली आणि उतरला. त्यानं बी सगळी फोडली. वर येऊन म्हणाला, मावशी, लई अवघड हाय हे. मी म्हटलं च्या घे. आता पथकात नवीन कोण आलं तर आधी आमच्या हिरीत परळं. म्याडमनी तेच अर्जात लिवलं, ही अशी सोय केली म्हणून. परवानगी आली. कवा आली, पुढच्या हंगामाला, पर आली.

राखीव भागात मी उतरलो. पयलंच जाळं सोडवायला दोन बुड्या लागल्या. निघालं ते एवढं बारीक तुकड्यात की फोटोसारखं काय न्हवतंच, बाबल म्हणाला, ह्या काय, शेवयो. पण मोडतोडीच्या रकान्याला म्याडमनी इचारलं आणि मी न्हाय म्हटलं, आणि ते न्हाय म्हणताना तोंडाला जी गोडी आली, ती त्या टाळ्यांत न्हवती.

आणि दर येळी जाताना मी म्याडमना सांगून त्या मोडल्याल्या चवडीकडं जातो. तीन तुकडं उभं ठेवलेलं, त्यातला एक पांढरा पडला आणि मेला, त्येच्यावर शेवाळ धरलं. दुसरा वाहून गेला, घावला न्हाय. तिसरा खडकाला धरून बसलाय. गेल्या खेपेला बघितलं तर त्येच्या मोडल्याल्या कडेला पिवळीजर्द नवी रेघ आलीय, माझ्या करंगळीच्या नखाच्या निम्मी. मी पाटीवर लिवलं. वर आल्यावर म्याडम म्हणाल्या मावशी, हे कुठल्या रकान्यात घालू, वाढीचा रकाना आपल्याकडं न्हाय. म्हटलं मोडतोडीच्याच घाला. तिथंच माझं नाव हाय, तिथंच ऱ्हाऊ दे. आता दर म्हयन्याला त्या रकान्यात माझी ओळ असती. मरस्तोवर असंल.

तर पावणं, तुमी मगाशी म्हणालासा, ते मोडल्यालं गाळू का, चांगलं दिसणार न्हाय म्हणून. गाळू नगा. बाकीचं गाळलं तरी चालंल, आबानं खाल्लेल्या शिव्या गाळा, मी दिल्याल्या गाळा, ते तेवढं ऱ्हाऊ द्या. आणि उद्या मालवणला चाललायसा न्हवं, पोराबाळांना घेऊन. जावा सावकाश, घाटात धुकं असतंय. समुद्र बघा, मासं खावा, सुखानं परत या. पिशव्या तेवढ्या मागं आणा. पवळ्यावर तुमच्या गावची पिशवी घावली, तर मी गावाचं नाव ठळक लिवतो, वळखीचं असलं तरी.